पाइन मेले, भूर्ज उरले: चेर्नोबिलच्या तांबड्या जंगलाचं प्रकरण

पानावर किरणोत्सारी धूळ बसली आहे का, हे बघायची एक जुनी आणि साधी पद्धत आहे. पान वाळवून सपाट करायचं, अंधाऱ्या खोलीत एक्स-रे फिल्मवर ठेवायचं, वर वजन ठेवायचं आणि विसरून जायचं. काही दिवसांनी फिल्म धुतली की पानानं स्वतःचं चित्र काढलेलं असतं. १९८६ च्या उन्हाळ्यात चेर्नोबिलजवळच्या पानांनी जी चित्रं काढली, त्यांत पानाचा आकार धड दिसतच नाही. दिसतात ते काळे ठिपके. एक इथं, तीन तिथं, मधे सगळं कोरं. प्रत्येक ठिपक्याच्या जागी अणुभट्टीच्या इंधनाचा एक कण बसलेला. हे कण बहुतेक काही मायक्रॉनांपासून काही दहा मायक्रॉनांपर्यंतचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे.

चेर्नोबिलबद्दल लिहिताना लोक ढगाबद्दल बोलतात, किरणांबद्दल बोलतात. ‘किरणोत्सर्ग पसरला’ असं आपणही सहज म्हणून जातो. पण झाडांचं जे झालं ते समजून घ्यायचं तर किरण आणि कण यांत फरक करावा लागतो. किरण आरपार जातो आणि संपतो. कण येऊन बसतो. कुठे बसतो, किती दिवस बसतो आणि बसला तेव्हा झाड काय करत होतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

जागा आणि वेळ

युक्रेनच्या उत्तरेला पोलेसिया नावाचा सपाट, दलदलीचा आणि मधेमधे निव्वळ रेताड प्रदेश आहे. त्या वाळूत शेती यथातथाच होते, पाइन मात्र मजेत वाढतो. स्कॉट्स पाइन: तांबूस साल, सरळसोट खोड, जोडीजोडीनं येणाऱ्या निळसर हिरव्या सुया. चेर्नोबिल वीजकेंद्राच्या पश्चिमेला दीड-दोन किलोमीटरवर अशाच पाइनचं जंगल होतं, बरंचसं लागवडीचं.

२६ एप्रिल १९८६ ला मध्यरात्रीनंतर १ वाजून २३ मिनिटांनी चौथ्या क्रमांकाची अणुभट्टी फुटली. पहिल्या स्फोटानं उडालेलं इंधन वाऱ्याबरोबर जवळजवळ सरळ पश्चिमेला गेलं. पट्टा अरुंद होता. कामगारांचं प्रिप्यात शहर त्या पट्ट्याच्या जरा उत्तरेला राहिलं, म्हणून थोडक्यात वाचलं. जंगल बरोबर मधे सापडलं. भट्टी पुढे दहाएक दिवस धुमसत होती आणि वारा फिरत राहिला तसे उत्तरेला, दक्षिणेला आणखी पट्टे पडत गेले. पण पाइनचा निकाल पहिल्या पट्ट्यानंच लावला.

काही आठवड्यांतच सुया पिवळ्या पडल्या, मग विटकरी झाल्या. उन्हाळा भरात आला तोवर अख्खं जंगल गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचं दिसत होतं. युक्रेनी भाषेत त्याला ‘रुदी लिस’ म्हणतात. ‘रुदी’ हा लालभडक नव्हे, तांबूस-भुरक्या केसांचा रंग. म्हणून मी ‘लाल जंगल’ न म्हणता ‘तांबडं’ म्हणतोय, तेही नाइलाजानं.

रशियाच्या उत्तरेकडच्या कोमी प्रांतातून आलेल्या कोझुबोव आणि तास्कायेव या संशोधकांनी या जंगलाची विभागणी केली, ती आजही वापरली जाते. एक किलो ऊतीत एक जूल ऊर्जा मुरली की ती मात्रा एक ग्रे. जिथं ८० ते १०० ग्रे पडले तिथले पाइन झाडून सगळे मेले. हा भाग साधारण चार ते सहा चौरस किलोमीटरचा. त्याच्या बाहेर १० ते २० ग्रेचा, सुमारे ३८ चौरस किलोमीटरचा पट्टा: काही पाइन मेले आणि उरलेल्यांचे बहुतेक वाढीचे कोंब मेले. त्याहून बाहेर ४-५ ग्रेचा, सुमारे १२० चौरस किलोमीटरचा भाग: झाडं जगली, पण सुया वाळल्या, बी धरेना, वाढ वेडीवाकडी झाली.

या ४-५ ग्रेपाशी जरा थांबू. माणसाच्या सर्वांगावर एकदम एवढी मात्रा पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर सुमारे निम्मी माणसं दगावतात. वनस्पती म्हणजे चिवट असा आपला समज असतो. पाइन त्या समजाला अपवाद आहे. किरणांपुरतं बोलायचं तर तो झाडांतला माणूसच म्हणायला हवा.

आणि त्याच जंगलात, त्याच ढगाखाली, मेलेल्या पाइनच्या शेजारी बर्च उभे राहिले. बर्च म्हणजे भूर्ज. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या त्या हिमालयातल्या झाडाचा हा सख्खा चुलतभाऊ. काही पानं करपली, काही फांद्या वाळल्या, पण झाड टिकलं. खालचं गवतही टिकलं. या प्रकरणाचा खरा प्रश्न हा आहे. एवढ्या मात्रेनं पाइन का मेले, यापेक्षा बर्च का मेले नाहीत, हे विचारलं की उत्तर जास्त हाती लागतं.

सुई, कळी आणि तारीख

पहिली गोष्ट सरळ आहे. एप्रिलच्या शेवटी बर्चची पानं नुकती फुटत होती. झाड जवळपास उघडंच होतं. पाइन सदाहरित. दोन-तीन वर्षांच्या सुया अंगावर बाळगणारा, त्यामुळे त्याचा शेंडा म्हणजे बारा महिने उघडी ठेवलेली गाळणी. ढगातली धूळ त्यानं गाळून घेतली आणि सोडली नाही. बर्चवर जे पडलं त्यातलं पुष्कळ खाली ओघळलं आणि जी पानं धूळ घेऊन बसली तीही शरद ऋतूत गळून गेली. पाइनला अशी अंग झटकायची सोय नाही.

दुसरी गोष्ट बीटा कणांची. हे इंधनाचे धूलिकण नव्हेत; त्या धुळीतल्या अणूंमधून वेगानं सुटणारे इलेक्ट्रॉन. इंधनाच्या ताज्या कणांत तेव्हा झिर्कोनियम-९५, सेरियम-१४४, रुथेनियम-१०३ आणि १०६ असे अल्पायुषी भाईबंद खच्चून भरलेले होते. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, कुणाचं महिना-दोन महिने, कुणाचं वर्षभराच्या आतबाहेर. ते गॅमा किरण तर देतातच, शिवाय बीटा कणही देतात. बीटा कण ऊतीत जेमतेम काही मिलिमीटर शिरतो. माणसाच्या बाबतीत तो कपड्यांत आणि कातडीत अडकतो. पण पाइनची सुई मुळातच दीड-दोन मिलिमीटर रुंद. तिच्यासाठी बीटा म्हणजे आरपार. टोकाच्या कळीचंही तेच. जमिनीपासून एक मीटरवर मापक धरून गॅमा मोजला तर कळीला प्रत्यक्ष काय बसलं ते कळतच नाही, कारण कण त्या कळीच्या खवल्यांना चिकटलेला असतो. झाडांवरचे बरेच जुने अभ्यास इथंच लंगडे पडतात: मात्रा हवेची मोजली आणि परिणाम झाडाचा लिहिला.

तिसरी गोष्ट कॅलेंडरची. एप्रिल अखेर म्हणजे पाइनच्या कळ्या हिवाळ्याच्या झोपेतून उठून भराभर पेशींचं विभाजन करायला लागण्याचा हंगाम. विभाजन चालू असलेली पेशी किरणांना सगळ्यांत हळवी. डीएनएचे धागे तुटलेले असताना पेशी दुभंगायला गेली की गुणसूत्रांचे तुकडे चुकीच्या घरात जातात आणि दोन्ही लेकी मरतात. झोपलेल्या पेशीला दुरुस्तीला सवड तरी असते. हाच अपघात डिसेंबरात झाला असता तर नुकसान निराळं दिसलं असतं, असं मला वाटतं.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण ती चेर्नोबिलच्या कितीतरी आधीच माहीत होती. अमेरिकेत ब्रुकहेवन प्रयोगशाळेत अर्नोल्ड स्पॅरो यांनी असा नियम मांडला होता की पेशीकेंद्र जितकं मोठं आणि गुणसूत्रं जितकी लठ्ठ, तितकी वनस्पती किरणांना हळवी. निशाण मोठं तर नेम जास्त लागणार. पाइनचा जनुकसंच सुमारे २२ अब्ज अक्षरांचा आहे, माणसाच्या सातपट. आणि तो केवळ १२ जोड्या गुणसूत्रांत कोंबलेला. बर्चचा जनुकसंच ४४ कोटींच्या आसपास. म्हणजे पन्नासेक पटींचा फरक. तोच कण, तेवढीच मात्रा, पण एका झाडाच्या पेशीत नेमाला कोठार आहे आणि दुसऱ्याच्या पेशीत डबी.

ब्रुकहेवनमध्येच १९६१ पासून जॉर्ज वुडवेल यांनी एका जिवंत ओक-पाइन जंगलाच्या मधोमध ९,५०० क्युरीचा सीझियम-१३७ उभा केला होता (क्युरी हे किरणोत्साराचं जुनं माप). पाइन सर्वांत आधी आणि सर्वांत लांबपर्यंत मेले, मग ओक, मग झुडपं. त्याहून आत एक जातीचं गवत तग धरून होतं आणि अगदी जवळ शेवाळं व दगडफूल. उंच आणि दिमाखदार ते आधी गेलं, जमिनीला चिकटलेलं शेवटपर्यंत राहिलं. गवताचा वाढीचा कोंब मातीत असतो, त्यामुळे वरची पाती जळाली तरी खालून पुन्हा फुटतं.

सोव्हिएत शास्त्रज्ञांना तर हे स्वतःच्या घरातच दिसलं होतं. २९ सप्टेंबर १९५७ ला उरल भागातल्या मायाक कारखान्यात अणुकचऱ्याची टाकी फुटली आणि तिच्या पट्ट्यात पाइन मेले. अलेक्साखिन, तिखोमिरोव अशा मंडळींनी तिथं वर्षानुवर्षं काम केलं. पण तो अपघात सरकारनं १९८९ पर्यंत कबूलच केला नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या जंगलात काय होणार हे ज्यांना नेमकं ठाऊक होतं, त्यांची माहिती कुलपात होती.

मधेच लासलगाव

एवढं वाचल्यावर ८० ग्रे म्हणजे काहीतरी राक्षसी वाटेल. मग नाशिक जिल्ह्यात या. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानावर २००२ मध्ये सुरू झालेला ‘कृषक’ नावाचा प्रकल्प आहे. तिथं कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देतात. मात्रा किती? साधारण ६० ते ९० ग्रे. तांबड्या जंगलाला मारणारीच.

कांदा मात्र मरत नाही, चवही तशीच राहते. असा कांदा उभा चिरला तर कधीकधी मधोमध, जिथून हिरवा कोंब वर यायचा तिथं, तपकिरी ठिपका दिसतो. तेवढीच जागा मेलेली असते: विभाजी ऊती, म्हणजे सतत नव्या पेशी घडवणारा भाग. बाजूचे जाड पापुद्रे म्हणजे वाढ संपलेल्या पेशी. त्यांना ६० ग्रेनं फारसं काही वाटत नाही. कांद्यात आपल्याला कोंब नकोच असतो, म्हणून त्याचं मरण आपल्या पथ्यावर पडतं. पाइनचं सगळं भवितव्य मात्र त्या कोंबातच.

दुसरा फरक त्याहून मोठा. लासलगावात कांद्याला किरण लागतात, कण लागत नाही. कोबाल्ट पोलादी नळीत बंद असतो, पेटी समोरून पुढे सरकली की विषय संपला. कांदा किरणोत्सारी होत नाही. तांबड्या जंगलात कोबाल्टच्या नळीसारखी वस्तू स्वतःच फुटून, पीठ होऊन, सुयांवर बसली होती.

आणि कोरडं बी घेतलं तर गणित आणखी बदलतं. शेंगदाण्यासारख्या बियांना शेकडो ग्रे देऊनही त्यातल्या पुष्कळ उगवतात, कारण त्यांत पाणी कमी आणि विभाजन ठप्प. तुर्भ्याच्या भाभा केंद्रातल्या संशोधकांनी भुईमुगात उत्परिवर्तनं घडवली ती याच वाटेनं. विकिरण आणि संकर यांच्या मेळातून आलेला टीएजी-२४ हा वाण अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या साथीनं १९९१ मध्ये बाहेर पडला आणि आपल्याकडच्या शेतकऱ्यांना तो नावानं माहीत आहे. ग्रेचा आकडा एकटा काही बोलत नाही, तो असा.

पुरलेलं जंगल

मेलेलं पाइनचं जंगल म्हणजे राळेनं भरलेलं सरपण. त्याला आग लागली असती तर सुयांवरचे कण पुन्हा हवेत गेले असते. म्हणून १९८७ मध्ये बुलडोझर आणून झाडं पाडली, वरची माती, सुयांचा थर, सगळं खरवडून चरांत ढकललं आणि वर वाळू लोटली. घाईचं काम. चरांना तळाशी अस्तर नाही, काही अंतरावर खाली भूजल. वाळू उडू नये म्हणून वर पुन्हा रोपं लावली: पाइन आणि बर्च. तेव्हाच्या परिस्थितीत याहून वेगळं काय करता आलं असतं, हे मला सांगता येणार नाही. शहरं रिकामी झाली होती, माणसं दगावली होती आणि जंगल पेटायची भीती खरी होती. पण ज्या झाडांची मुळं खाली जाणार, तीच झाडं कचऱ्यावर लावली गेली, हेही खरं.

यातल्या २२ नंबरच्या चरावर युक्रेनी आणि फ्रेंच संशोधकांनी १९९९ पासून काम केलं. चर ७० मीटर लांब, आठ-दहा मीटर रुंद, दोन-अडीच मीटर खोल. आत नळ्या सोडून मातीतलं पाणी काढलं, झाडांच्या सुया, लाकूड, मुळं तपासली.

इथं आपला कण पुन्हा येतो, आता दुसऱ्या भूमिकेत. केंद्राच्या जवळपासच्या भागात पडलेलं स्ट्रॉन्शियम-९० आणि प्लुटोनियम बहुतांशी इंधनाच्या कणांत बंद होतं. युरेनियम ऑक्साइडचा तो खडा फुटल्याशिवाय स्ट्रॉन्शियम मोकळं होत नाही. सीझियमचं तसं नाही. ते उष्णतेनं वाफ होऊन लांबवर गेलं, पार स्वीडनपर्यंत. त्यामुळे अपघातानंतर लगेच मातीत स्ट्रॉन्शियम भरपूर होतं, पण झाडाला मिळत नव्हतं. तिजोरी होती, किल्ली नव्हती.

किल्ली म्हणजे वेळ आणि आम्ल. युक्रेनी संशोधक व्हालेरी काश्पारोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कण वेगवेगळ्या पट्ट्यांतून गोळा करून त्यांची जातकुळी लावली. पश्चिमेच्या पट्ट्यातले कण पहिल्या स्फोटाचे, फार वेळ जळायला न मिळालेले; ते मातीत सावकाश विरघळतात. उत्तर-दक्षिणेचे कण पुढच्या दिवसांत धुमसत्या भट्टीत ऑक्सिजन खाऊन भुसभुशीत झालेले. ते लवकर विरघळतात. आणि इंधनाच्या नळ्यांचं झिर्कोनियम ज्यांत मुरलं ते कण जवळजवळ दगडच. माती जितकी आंबट तितकं विरघळणं वेगात. आणि पाइनच्या सुयांचा पाचोळा माती आंबट करतो, हे सांगायला नको.

म्हणजे अर्धायुष्याचं गणित एकीकडे स्ट्रॉन्शियम कमी करत होतं आणि कणांचं फुटणं दुसरीकडे ते झाडांना उपलब्ध करून देत होतं. परिणाम असा की पहिली अनेक वर्षं झाडांतलं स्ट्रॉन्शियम घटण्याऐवजी वाढत गेलं. ‘दिवस जातील तसं कमी होईल’ हा ठोकताळा इथं चुकला. रसायनाच्या दृष्टीनं स्ट्रॉन्शियम हा कॅल्शियमचा भाऊबंद आणि झाड त्याला कॅल्शियम समजूनच वर ओढतं, सुयांत, सालीत, लाकडात साठवतं. पाचोळा पडला की ते पुन्हा वरच्या वाळूवर. माणसानं दोन मीटर खाली पुरलं, झाडानं चमच्या-चमच्यानं वर आणलं. थोडं पाण्याबरोबर भूजलात उतरलं, तेही मोजलं गेलं आहे.

नवे पाइन

मधल्या पट्ट्यात वाचलेल्या पाइनांवर १९८७ मध्ये अजस्र सुया आल्या, नेहमीपेक्षा कितीतरी लांब आणि जाड. कोंब थोडेच जगले होते आणि मुळं पूर्वीचीच, तेव्हा जे होतं ते सगळं त्या थोड्यांना मिळालं, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

नंतर उगवलेल्या पाइनचं दुखणं निराळं. धड पाइनला एक शेंडा असतो. दरवर्षी तो वर जातो आणि खाली फांद्यांचं एक कडं सोडतो. ही कडी मोजून वय सांगता येतं. या भागातल्या कित्येक तरुण पाइनांना शेंडाच नाही. टोकाची कळी मरते, मग तीन-चार बाजूच्या फांद्या एकाच वेळी पुढारी व्हायला बघतात आणि झाडाचं झुडूप होतं. मात्रा वाढते तशी अशा झाडांची टक्केवारी वाढते, असं योश्चेन्को यांच्या गटानं दाखवलं. २०११ नंतर फुकुशिमाच्या परिसरात जपानी तांबड्या पाइनमध्ये आणि फरमध्येही हाच दोष सापडला. जंगलं वेगळी, जाती वेगळ्या, पण मरतो तो शेंडाच.

जनुकांच्या पातळीवर काय चाललंय, यावर मात्र एकमत नाही. चेर्नोबिलच्या पाइनमध्ये डीएनएवर मेथिल या छोट्या रासायनिक गटाचे शिक्के नेहमीपेक्षा जास्त आढळले, असं कोवाल्चुक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लिहिलं आणि ही झाडानं किरणांशी जुळवून घेण्याची युक्ती असावी का, असा प्रश्न विचारला. कल्पना मोहक आहे. ‘झाडं शिकली’ अशा मथळ्याचे लेख त्यावरून निघाले. मला तिथं घाई दिसते. शिक्के सापडणं एक, ते उपयोगी असणं दुसरं आणि ते पुढच्या पिढीत टिकणं तिसरं. शेंडा गमावलेलं झुडूप दाखवता येतं. जुळवून घेतलेलं झाड दाखवणं त्याहून फार अवघड आहे.

एप्रिल २०२० मध्ये त्या भागात मोठे वणवे लागले, तांबड्या जंगलाचाही काही भाग जळाला. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये रशियन फौजा त्या वाटेनं आल्या, जंगलात खंदक खणले गेले. तीन दशकं वाळू दाबून धरणाऱ्या मुळांचं काम दोन्ही वेळा थोडं थोडं उलटलं.

चरांवरचे बर्च आता चांगले उंच झाले आहेत. शरद ऋतूत पिवळी होऊन गळतात ती पानं मुळांवाटे आलेल्या स्ट्रॉन्शियमची. असं पान एक्स-रे फिल्मवर ठेवलं तर १९८६ सारखे सुटे ठिपके उमटत नाहीत. देठापासून टोकापर्यंत, दातेरी कडेसकट, अख्खं पान उमटतं.